सामानाखालची चौकट

सिस्टरांना सिस्टर म्हणत नाही असा माणूस शोधायचा म्हणजे त्यांच्या आईवडिलांपर्यंत मागे जावं लागेल. अख्खी नोकरी हॉस्पिटलच्या पुरुषांच्या वॉर्डात झाली, तिथे ही हाक चिकटली. मग दुकानदार, पोस्टमन, शेजारपाजार सगळ्यांनी ती उचलली. लग्नानंतर नवऱ्याने एकदा थट्टेत "अहो सिस्टर, चहा!" अशी हाक मारली आणि ती त्यांना जन्माची पुरली. सासूबाईंना हे शेवटपर्यंत पटलं नाही. "बायकोला बहीण म्हणणारा एवढा एकच दिवटा माझ्या पोटी यायचा होता," असं त्या आल्यागेल्याला ऐकवत.

सिस्टर नियमाच्या पक्क्या. वॉर्डात पेशंटच्या खाटेवर कोणी बसायचं नाही, हा नियम. एकदा हॉस्पिटलला मोठी देणगी देणारे गृहस्थ पेशंटची विचारपूस करायला आले आणि फोटोसाठी खाटेच्या कडेवर टेकले. सिस्टरांनी त्यांना दंडाला धरून उठवलं आणि चादर नीट केली. फोटोत गृहस्थांचं तोंड उघडं आणि सिस्टरांची पाठ, एवढंच आलं. वरिष्ठांनी बोलावून समज दिली तेव्हा "नियम बदलला असेल तर भिंतीवर लावा, मी वाचेन," एवढं बोलून त्या परत वॉर्डात गेल्या.

निवृत्त झाल्यावर माणसं दारात यायला लागली. कोणाचे वडील अंथरुणाला खिळलेले, कोणाच्या सासूला जखमा झालेल्या. कुशीवर कसं वळवायचं, पडल्यापडल्या भरवताना ठसका लागू नये म्हणून काय करायचं, न हलवता चादर कशी बदलायची, हे डॉक्टर सांगत नाहीत असं नाही, पण घाईत सांगतात आणि घरी पोचेपर्यंत माणूस अर्धं विसरतो. तेच तेच सांगून सिस्टरांचा घसा बसला, तेव्हा त्यांनी ते लिहून काढलं. नवरा बाजारात लिलावाचा कारकून होता. दिवसभर बोली टिपून टिपून त्याला कमी शब्दांत लिहायची सवय. तो लाल पेन घेऊन बसायचा. "हे वाक्य फार लांब झालंय, सिस्टर. वाचून होईपर्यंत पेशंट कुशीवरून परत पाठीवर येईल." धाकट्या बहिणीचा मुलगा कॉम्प्युटरवाला. त्याने ते सगळं इंटरनेटवर चढवलं आणि साइटला नाव दिलं 'उशाशी'.

प्रत्येक लेखाच्या शेवटी एकच मथळा असे, 'लागणारं सामान'. दोन उशा, एक जुनी मऊ चादर, टॉवेल, पसरट भांडं. त्याउपर काही नाही. या यादीबाबत सिस्टर फार चिकट. गरज नसलेली एकही वस्तू तिथे येऊ द्यायची नाही, कारण आजारी माणसाच्या घरात यादीतली प्रत्येक गोष्ट कोणीतरी धावतपळत, प्रसंगी उसनवारी करून आणतं, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं. लोकांनाही ते कळलं होतं. "सिस्टरांनी लिहिलंय ना? मग आणा," असं घराघरात म्हटलं जायचं. सिस्टरांना पेन्शनीचा अभिमान नव्हता, निरोपाच्या समारंभात मिळालेल्या ढालीचा नव्हता, पण या एका वाक्याचा होता. आपल्या शब्दावर माणूस डोळे मिटून विश्वास ठेवतो, याहून मोठं त्यांना काही मिळालं नव्हतं आणि नकोही होतं.

पुढे भाच्याच्या आग्रहावरून चित्रफिती आल्या. पेशंटच्या भूमिकेत नवरा. तो इतका मन लावून आजारी पडायचा की चित्रण संपल्यावर त्याला हलवून जागं करावं लागे. लोकांना फिती आवडल्या, पाहणारे वाढले आणि साइटचं वार्षिक भाडंही वाढत गेलं. सिस्टर पदरमोड करत राहिल्या. नवरा तोंडाने काही बोलला नाही, पण चष्म्याची तुटलेली काडी दोऱ्याने बांधून वापरायला लागला. ते बघून भाच्याने विषय काढला.

"मावशी, जाहिराती घेऊ. साइट स्वतःचा खर्च स्वतः काढेल. नाहीतर एक दिवस तुला ती बंद करावी लागेल."

बंद हा शब्द ऐकून सिस्टर तयार झाल्या. भाच्याने जाहिरातीची चौकट कुठे ठेवायची याचा विचार केला आणि 'लागणारं सामान'च्या बरोबर खाली ठेवली, कारण वाचणाऱ्याची नजर तिथेच थांबते. आपल्या फोनवर त्याने मावशीला नमुना दाखवला. कापूस, रबरी चादर, चाकाची खुर्ची भाड्याने, आणि खाटेवर टेकून बसण्यासाठी लाकडी पाठ बनवून देणारा कोणी सुतार. सिस्टरांना बरं वाटलं. हॉस्पिटलच्या फाटकाबाहेर अशीच दुकानं होती.

"फक्त एक लक्षात ठेव," भाचा म्हणाला. "आपल्याच साइटवरच्या जाहिरातीवर आपण बोट लावायचं नाही. जाहिरातवाल्या कंपनीला वाटतं आपणच पैसे उकळतोय. खातं बंद करतात."

झालं. नियम मिळाला. बोट चुकूनही लागू नये म्हणून सिस्टरांनी आपल्या कॉम्प्युटरवर जाहिराती दिसणारच नाहीत अशी सोय भाच्याकडून करून घेतली आणि नवऱ्याला फोनवर 'उशाशी' उघडायची बंदी केली. जगात आपल्या दुकानाकडे पाठ करून गल्ल्यावर बसणारी ही एकटीच दुकानदारीण असेल. पण भाच्यालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट मावशीच्या शिस्तीचं कौतुक त्याने चार मित्रांना सांगितलं.

पैसे यायचे, पण नावाला. कापसाची जाहिरात ती काय देणार! वर्षाचं भाडं भरायची वेळ जवळ आली तेव्हा भाचा पुन्हा आला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसला.

"कमी पैसे देणाऱ्या जाहिराती अडवायच्या," तो म्हणाला. "सोपं आहे. कापूस, चादरी, ते सुतारकाम, सगळं बंद. जागा एकच आहे. तिथे फुकटे बसले तर पैसेवाले कुठे बसणार?"

नवऱ्याने पेला खाली ठेवला. लिलावाचा विषय निघाला की त्याच्या अंगात यायचं. "जागा लिलावानेच जाते ना? जास्त बोलीवाला जिंकतो ना?"

"हो काका."

"मग कमी बोलीवाल्यांना हाकलून भाव कसा चढेल? माझ्या अख्ख्या नोकरीत मी असं पाहिलं नाही. गर्दी असली की भाव चढतो. चार पडेल चेहऱ्याची माणसं मागे उभी असली तरी पुढच्याला घाम फुटतो."

"तुमच्या बाजारात माल संध्याकाळी नासायचा, काका. इथे नासत नाही. इथे थोडक्या पैशांत माल मिळतो असं एकदा पैसेवाल्यांना कळलं की ते कशाला वाढवतील? आणि शेजारी कोण बसलाय हेही ते बघतात. रबरी चादरीच्या शेजारी बसायला कोणाला आवडेल?"

"मला आवडतं. मी त्यावर झोपतो," फितीतला पेशंट म्हणाला.

दोघांचं बराच वेळ चाललं. भाच्याने आलेख दाखवले, काकांनी बाजारातले किस्से काढले. खरं सांगायचं तर दोघेही थोडे थोडे बरोबर होते, आणि एक प्रश्न दोघांनीही विचारला नाही. कमी देणारा गेला तर येणारा कोण? किती देणार, यावर सगळा खल झाला. सिस्टर ऐकत होत्या. त्यांच्या डोळ्यांपुढे आलं ते एखाद्या मोठ्या कंपनीच्या खाटांचं चित्र, स्वच्छ, पांढरं, कळ दाबली की डोकं वर होणारं. अशी खाट वॉर्डात यावी म्हणून त्यांनी किती अर्ज केले होते. साइट जगली पाहिजे, एवढंच त्यांना कळत होतं.

"अडव," त्या म्हणाल्या. "कुठे दाबायचं ते दाखव. मीच दाबते."

आणि पैसे वाढले. थोडेथोडके नाही, वर्षाचं भाडं आरामात सुटेल इतके. नवरा खिलाडू माणूस. "मी माझी बोली मागे घेतो," म्हणाला आणि नवी काडी बसवून आला. सिस्टरांनी त्या सुखात गिळताना त्रास होणाऱ्या पेशंटवर नवा लेख लिहिला. ते दिवस फार छान गेले.

मग एका दुपारी निरोप आला. शहराच्या दुसऱ्या टोकाला शिवणकाम करणारी एक बाई होती. तिचा नवरा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. त्याला अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. हाताचा व्यायाम ती 'उशाशी' वाचून करून घ्यायची आणि अडलं की सिस्टरांना फोन करायची. या खेपेस तिने लिहिलं होतं:

"सिस्टर, नमस्कार. तुमच्या सामानातला हातमोजा आणल्यापासून यांना खूप आराम आहे. ओरडणं बंद झालं. व्यायामही थांबवलाय. फक्त आता हाताला वास येतोय. मोजा धुवायला काढला तर चालेल का?"

सिस्टरांनी दोनदा वाचलं. कसला मोजा? त्यांनी आपला लेख उघडला. दोन उशा, टॉवेल, पसरट भांडं. "बाईंनी दुसरीकडे कुठेतरी वाचलेलं दिसतंय," त्या नवऱ्याला म्हणाल्या. नवऱ्याने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि बंदी मोडून आपल्या फोनवर तेच पान उघडलं. दोन उशा, टॉवेल, पसरट भांडं. त्याच्या लगेच खाली, तेवढ्याच रुंदीच्या चौकटीत, हसऱ्या माणसाच्या हातात एक काळा मोजा. 'लकवा झालेला हात? चुंबकाचा मोजा घाला आणि विसरा. व्यायामाची गरज नाही. दिवसरात्र काढू नका.' त्याने फोन त्यांच्यापुढे धरला.

आधी राग आला, भाच्याचा. पण तो पुरता वर यायच्या आत ओसरला, कारण कळ कोणी दाबली होती ते त्यांना चांगलं आठवत होतं. मग भीती वाटली. दिवसरात्र न काढलेल्या मोज्याच्या आत काय असतं हे त्यांना माहीत होतं. त्यांनी पर्स उचलली आणि बस पकडली.

शिवणवाल्या बाईचं घर म्हणजे एक लांबट खोली. खिडकीशी शिलाई मशीन, त्यावर अर्धवट शिवलेला शाळेचा गणवेश. भिंतीला टेकवलेल्या दोन कोऱ्या पाट्या, डब्यात उभे ब्रश, धुऊन सुकवलेले. पेंटर खाटेवर बसला होता. सिस्टरांना पाहून तो अर्ध्या चेहऱ्याने हसला. उजवा हात मांडीवर होता आणि त्यावर तो काळा मोजा, मनगटाशी पट्ट्याने आवळलेला.

सिस्टरांनी खुर्ची ओढली, त्याचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि पट्टा सोडला. मोजा सहज निघाला नाही. आतली कातडी पांढरी, ओली, सुरकुतलेली होती. मूठ घट्ट मिटलेली, आणि नखं तळव्यात रुतून तिथे लालसर खाचा पडल्या होत्या. बाईच्या तोंडून "अगं बाई!" निघालं आणि तिने पदर तोंडाशी नेला. सिस्टरांनी कोमट पाणी मागितलं. मनगट हळूच आतल्या बाजूला वाकवलं, कारण तसं केलं की बोटं थोडी सैल पडतात, आणि एकेक बोट उघडायला घेतलं. करंगळी आली. तिच्या शेजारचंही आलं. अंगठ्याशी पेंटर कळवळून ओरडला आणि त्या थांबल्या.

"हा मोजा परत घालायचा नाही," सिस्टर म्हणाल्या. "याचा काही उपयोग नाही."

"असं कसं?" बाई म्हणाली. "तुम्हीच लिहिलंय की."

"मी नाही लिहिलं. ती जाहिरात होती."

"सामानाच्या यादीत होता, सिस्टर. मी नीट वाचलं. इतका महाग, म्हणून दोनदा वाचलं. हे म्हणत होते नको, मी म्हटलं सिस्टर उगाच लिहायच्या नाहीत." ती मशीनच्या स्टुलावर बसली. "आणि खरंच बरं होतं हो. सकाळचा व्यायाम म्हणजे यांचं ओरडणं. शेजारचे दार वाजवायचे. मोजा आल्यावर घर शांत झालं. त्या वेळात माझे दोन गणवेश व्हायचे."

सिस्टरांना तिच्यावर रागवता येईना. बरं वाटणं काय असतं हे कंटाळलेल्या माणसाला कोणी शिकवायला नको.

"ती चौकट माझी नाही, बाई. यादी माझी आहे. खालची जागा मी भाड्याने दिलेली आहे."

"कोणाला?"

सिस्टरांनी टॉवेल पाण्यात बुडवून पिळला.

"मोजावाल्याला ओळखता तुम्ही?"

"नाही."

"मग जागा दिलीत कोणाला?"

"जो जास्त पैसे देईल त्याला," सिस्टर म्हणाल्या.

बाईने मान हलवली. ती चिडली असती तर बरं झालं असतं. पण तिने फक्त पाण्याचं भांडं उचललं, पाणी बदलून आणलं आणि सिस्टरांच्या पायाशी ठेवलं. पेंटर डाव्या हाताने उजव्या हाताची उघडलेली करंगळी धरून बसला होता. सिस्टरांनी त्याला म्हटलं, "माझं चुकलं. तुमचं नुकसान माझ्यामुळे झालं." त्याला धड बोलता येत नव्हतं. त्याने डावा हात उचलून, असू द्या, अशी खूण केली. त्याने चार खडे शब्द ऐकवले असते तर ते सिस्टरांनी सोसले असते. ती खूण त्यांना सोसली नाही, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या पेशंटसमोर रडल्या.

घरी भाचा वाट पाहत होता. काकांनी त्याला बोलावून घेतलं होतं. त्याचा चेहरा पडलेला. "मावशी, ही एक जाहिरात मी आत्ता काढतो."

"उद्या दुसऱ्या नावाने येईल?"

"येईल," तो खरं बोलला. "जास्त पैसे तेच देतात. घाबरलेला माणूस पटकन विकत घेतो ना."

"मग बरं करतो म्हणणारं जे जे आहे ते सगळं अडव. कापूस, चादरी, सुतार सगळे परत आण. आणि ती चौकट सामानाखालून काढून पार वर टाक. त्यावर लिही, ही जाहिरात आहे, माझा सल्ला नाही."

"वर कोणी बघत नाही, मावशी. भाडंसुद्धा सुटणार नाही."

"फिती काढून टाक. फितींमुळेच भाडं वाढलं म्हणतोस ना?"

नवऱ्याने दीर्घ श्वास घेतला. "माझी कारकीर्द संपली म्हणायची," तो म्हणाला, पण हसला नाही. भाचा मान खाली घालून कळा दाबत होता. "जग स्वस्त जाहिराती अडवतं," तो पुटपुटला, "आणि आपण महाग." सिस्टरांनी या वेळी स्वतः शेजारी बसून एकेक पान उघडून पाहिलं. कॉम्प्युटरवरची ती सोयही काढून टाकायला लावली. मग मोज्याबद्दल एक निवेदन लिहिलं. कोणी तो घेतला असेल तर ताबडतोब काढा, हात धुवा, मला फोन करा, असं त्यात होतं. नवऱ्याने लाल पेन उचललं, वाचलं आणि एकही शब्द न खोडता खाली ठेवलं.

सिस्टर रोज सकाळी बसने पेंटरकडे जाऊ लागल्या. तळव्यातल्या खाचा भरल्या. बोटं हळूहळू उघडायला लागली, पण अंगठा पूर्वी जितका सुटत होता तितका काही परत आला नाही. पेंटरने डब्यातून ब्रश काढायला लावला आणि डाव्या हाताने कोऱ्या पाटीवर आडवी रेघ मारून बघितली. रेघ वाकडी आली. बाईने ती कौतुकाने पाहिली आणि परत मशीनवर बसली. ती सिस्टरांना कधी टाकून बोलली नाही. चहा देत होती, शेजारणींना "या आमच्या सिस्टर" म्हणून सांगत होती. सिस्टरांना वाटायला लागलं, झालं गेलं ती विसरून गेली असावी.

एक दिवस निघताना सिस्टर म्हणाल्या, "उद्या मी यायची नाही. गिळण्याच्या व्यायामाचं मी लिहिलंय, ते तेवढं वाचून यांच्याकडून करून घ्या."

"वाचलं मी कालच," बाई म्हणाली. "चांगलं लिहिलंय. पण अजून काही केलं नाही." तिने सुईत दोरा ओवला, गाठ मारली आणि अगदी साधेपणाने विचारलं, "ते तुमचंच आहे ना, सिस्टर?"

सिस्टर दारात उभ्या होत्या. "माझंच आहे," त्या म्हणाल्या.

"सगळं?"

"सगळं."

"मग करते सुरू," बाई म्हणाली. "राग मानू नका हं. आता मी आधी विचारूनच घेणार."